शेतकऱ्याच्या घरचा बटाटा : पारख, साठवण आणि पाकक्रिया

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव व जुन्नर हे तालुके आणि सातारा जिल्ह्याचा काही भाग ही महाराष्ट्रातील बटाट्याची जुनी व प्रमुख क्षेत्रे होत. खरिपात पावसाच्या पाण्यावर आणि रब्बीत ओलिताखाली असे वर्षातून दोन वेळा हे पीक तेथे घेतले जाते. काढणी झाली की शेतातच मालाची प्रतवारी होते. मोठा, निरोगी व एकसारखा बटाटा पोत्यांत भरून बाजाराची वाट धरतो. कुदळीने वा नांगराने कापला गेलेला, उन्हात उघडा पडून हिरवटलेला आणि अगदी बारीक राहिलेला माल मात्र घरी येतो. ज्या घराने पीक पिकविले त्याच घराच्या ताटात त्याचा सर्वांत हलका भाग पडावा, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसून येते. यात काटकसर आहे हे खरे. परंतु घरी आलेल्या मालापैकी खाण्याजोगा कोणता व टाकण्याजोगा कोणता याची पारख नसेल, तर ही काटकसर महाग पडण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट रांधण्याची. बटाटा म्हटला की वडे, भजी, तळलेला कीस व काचऱ्या हेच पदार्थ डोळ्यांपुढे येतात. आणि मग ‘बटाटा अंगावर मेद आणतो’ असा दोष त्या बिचाऱ्या कंदाच्या माथी मारला जातो. वास्तविक हा दोष बहुतांशी कढईचा असतो, कंदाचा नव्हे.

बटाट्यातील अन्नघटक

ताज्या बटाट्यात १०० भागांपैकी सुमारे ७५ ते ८० भाग पाणी असते. उरलेल्या भागात पिष्ट हा मुख्य घटक होय. १०० ग्रॅम बटाट्यात प्रथिने सुमारे २ ग्रॅम असतात, तर स्निग्धांश जवळजवळ नसतोच. पोटॅशियम हे खनिज त्यात भरपूर असून ‘क’ जीवनसत्त्वही ताज्या मालात १०० ग्रॅमला १७ ते २० मिलिग्रॅमपर्यंत आढळते. साठवणीच्या काळात हे जीवनसत्त्व क्रमाक्रमाने घटत जाते. म्हणून काढणीनंतरच्या पहिल्या महिन्यांतील बटाटा या दृष्टीने अधिक गुणकारी असतो.

१०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यापासून शरीरास सुमारे ८५ ते ९० किलोकॅलरी उष्मांक मिळतात. त्याच बटाट्याच्या पातळ काचऱ्या तळल्या की त्यांतील पाणी उडून जाते व त्या जागी तेल शिरते. अशा तळलेल्या १०० ग्रॅम काचऱ्यांत सुमारे एक तृतीयांश भाग तेल असून उष्मांक ५०० हून अधिक भरतात.

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधील गरीब शेतकरी कुटुंबे मुख्यतः उकडलेला बटाटा व ताक यांवरच निर्वाह करीत असत. १८४५ साली करप्याच्या रोगाने ते पीक बुडाले आणि त्या देशावर मोठा दुष्काळ ओढवला. यावरून दोन बोध घेता येतात. बटाटा दुधाच्या वा ताकाच्या जोडीने माणसास उत्तम पोसतो. मात्र एकाच पदार्थावर भिस्त ठेवणे केव्हाही धोक्याचे असते. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी व पालेभाज्या यांच्या सोबतीनेच बटाट्याला ताटात स्थान असावे.

हिरवा बटाटा खाऊ नये

बटाट्यावर उजेड पडला की त्याची साल हिरवी होते. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा असून तो स्वतः अपायकारक नाही. परंतु ज्या उजेडाने रंग येतो, त्याच उजेडाने बटाट्यात सोलॅनिन व तत्सम कडवट विषारी द्रव्येही वाढतात. म्हणून हिरवा रंग ही धोक्याची खूण समजावी. ही द्रव्ये सालीत, डोळ्यांत आणि विशेषेकरून कोंबांत अधिक प्रमाणात असतात. उकडण्याने वा शिजविण्याने ती नष्ट होत नाहीत, ही गोष्ट प्रत्येक गृहिणीने ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ती अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ, वांत्या, पोटदुखी, जुलाब व डोकेदुखी ही लक्षणे दिसतात. लहान मुलांचे वजन कमी असल्याने त्यांना थोडा अंशही बाधू शकतो.

यासाठी पुढील नियम पाळावेत :

१. सालीवर एखादाच लहान हिरवा डाग असेल, तर तो भाग सभोवतालच्या गरासह खोलवर कापून टाकावा. बटाट्याचा बराच भाग हिरवा असेल, तर तो संपूर्ण टाकून द्यावा.

२. नुकतेच कोंब फुटू लागले असतील व बटाटा कठीण असेल, तर कोंब डोळ्यासह कोरून काढावेत. लांब कोंब फुटून सुरकुतलेला बटाटा वापरू नये.

३. शिजलेला बटाटा कडू लागल्यास किंवा खाताना घशाशी जळजळ जाणवल्यास तो बाजूला सारावा. मसाल्याने त्याची चव झाकली जाईल, विष जाणार नाही.

४. बेण्यास औषध लावले असल्यास लागवडीनंतर उरलेला असा बटाटा कोणत्याही परिस्थितीत स्वयंपाकघरात आणू नये.

५. टाकलेले हिरवे बटाटे व कोंब गुरांपुढेही घालू नयेत. ते खड्ड्यात पुरावेत.

केवळ कापला गेलेला, पण न सडलेला व न हिरवटलेला बटाटा खाण्यास हरकत नाही. तो टिकत नसल्यामुळे प्रथम वापरावा, एवढेच. बारीक बटाटाही निरोगी असल्यास उत्तम. तो अख्खा, सालीसकट शिजविण्यास सोयीचा पडतो.

हिरव्या बटाट्याचा खरा बंदोबस्त शेतातच होतो. पिकाला वेळेवर मातीची भर दिली म्हणजे कंद उघडे पडत नाहीत. काढणीनंतरही माल उन्हात पसरून ठेवू नये.

घरगुती साठवण

शेतात झाडाच्या सावलीत अरण लावताना ज्याप्रमाणे ढीग वरून झाकून उजेड अडविला जातो, तेच तत्त्व घरातही लागू पडते. अंधारी, कोरडी, थंड व हवेशीर जागा निवडावी. बटाटे गोणपाटाने झाकून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल धरून ते लवकर सडतात. आठवड्यातून एकदा ढीग चाळून नासलेले बटाटे काढून टाकावेत. धुतलेला बटाटा साठवू नये. वापरण्याच्या वेळीच धुवावा.

रांधण्याची तत्त्वे

‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे आहे. बटाटा सोलून, बारीक चिरून, पाण्यात बुडवून ठेवला आणि नंतर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर त्याच्या जोडीने पोषणाचा मोठा भाग मोरीत जातो. म्हणून बटाटा काथ्याने घासून स्वच्छ धुवावा व सालीसकट, अख्खाच, बेताच्या पाण्यात उकडावा किंवा वाफवावा. पाण्यापेक्षा वाफ अधिक बरी. झाकण घट्ट असावे. चिरावयाचा असल्यास आयत्या वेळी, मोठ्या फोडी कराव्यात. शिजविताना उरलेले पाणी आमटीत किंवा कणीक भिजविण्यास वापरावे.

चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घातल्यावर बटाटा लवकर मऊ होत नाही, हा अनुभव पुष्कळ गृहिणींना असतो. आंबटामुळे फोडींची घडण घट्ट राहते हे त्याचे कारण. म्हणून बटाटा पुरता शिजल्यावरच आंबट घालावे. वेळ व सरपण दोन्ही वाचतात.

तळण्यासंबंधी आणखी एक माहिती उपयुक्त ठरेल. पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात तळले वा भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, असे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत हे द्रव्य कर्करोगास कारण होत असल्याचे आढळले आहे. उकडलेल्या व वाफवलेल्या बटाट्यात ही भीती नाही. सणावारी तळण केलेच, तर ते फिकट सोनेरी रंगावर काढावे. तांबूस-काळे होऊ देऊ नये. तेच तेल पुनःपुन्हा तापवू नये.

काही सोप्या पाककृती

पुढील प्रमाणे चार-पाच माणसांसाठी आहेत.

*मेथी-बटाटा :* अर्धा किलो बटाटे सालीसकट अर्धवट उकडून मोठ्या फोडी कराव्यात. दोन चहाचे चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण व हिरवी मिरची घालून फोडी परताव्यात. मेथीची एक जुडी धुऊन, निवडून, चिरून त्यात घालावी व झाकण ठेवून वाफ आणावी. उतरविल्यावर लिंबू पिळावे. लिंबाच्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

*मटकी-बटाटा रस्सा :* दोन वाट्या मोड आलेली मटकी व तीन बटाट्यांच्या फोडी एकत्र शिजवाव्यात. भाजलेला कांदा, सुके खोबरे व लसूण वाटून त्यात घालावे. मीठ, तिखट व शेवटी आमसूल घालून एक उकळी आणावी. बटाट्यात उणी असलेली प्रथिने कडधान्य भरून काढते. हा रस्सा व भाकरी मिळून पूर्ण जेवण होते.

*बटाट्याचे भरीत :* बटाटे चुलीच्या निखाऱ्यांत भाजावेत. गॅसवर जाड तव्यावर झाकण ठेवूनही भाजता येतात. करपलेली साल काढून गर कुस्करावा. त्यात दोन वाट्या दही, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ व जिऱ्याची पूड मिसळावी. तेलाचा थेंबही लागत नाही.

*बटाट्याचे थालीपीठ :* तीन उकडलेले बटाटे सोलून कुस्करावेत. त्यात ज्वारीचे पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, चिरलेला कांदा व पालक, ओवा, तिखट आणि मीठ घालून पीठ मळावे. तव्यावर थोडे तेल सोडून थालीपिठे लावावीत. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यासाठी हा पदार्थ पाकिटातील तळलेल्या काचऱ्यांहून कितीतरी सरस ठरेल.

*उपवासाची भाजी :* उकडलेल्या बटाट्याच्या फोडींना एक चमचा तुपात जिरे व मिरची यांची फोडणी द्यावी. अर्धी वाटी दाण्याचे कूट घालून वाफ आणावी व सोबत वाटीभर ताजे ताक घ्यावे. साबुदाण्याची तळलेली वडी व बटाट्याचा तळलेला कीस एकाच दिवशी खाऊन होणारा पोटाचा जडपणा याने टळतो.

कोणी जपून खावा

मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील साखर बटाट्याने लवकर वाढते. त्यांनी तो मोजका, डाळ-उसळ व पालेभाजीच्या सोबतीने घ्यावा आणि त्या वेळी भात वा भाकरीचे प्रमाण कमी करावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच बटाटा खावा. अशा रुग्णांसाठी मात्र वर सांगितलेला नियम उलटा होतो : बटाटा सोलून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे लागते.

शेतकरी कुटुंबास सूचना

प्रतवारीच्या वेळी चांगल्या बटाट्याचे निदान एक पोते घरासाठी प्रथम बाजूला काढून ठेवावे आणि हिरवा माल घरी न आणता शेतातच पुरावा. बाजारभाव पडलेल्या वर्षी तर असे करण्यात तोटा मुळीच नाही. खत, बेणे व पाणी यांचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या मुलाबाळांच्या ताटात काय पडते याचाही हिशेब ठेवावा. पीक काढणारे हात सशक्त राहिले, तरच पुढच्या हंगामाची लागवड वेळेवर होईल.