एंटर मारण्यापूर्वी...

सबमिशनच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास मी चार दिवसांच्या कामातला अख्खा एक दिवस एका एंटरमध्ये उडवला. व्हायरस नाही, हार्ड डिस्क क्रॅश नाही, लाइटही गेले नव्हते. फक्त वरचा ॲरो तीन वेळा दाबायचा होता, तो चार वेळा दाबला गेला.

झालं असं की, सकाळी मी 'शेल' नावाचं जुनं फोल्डर 'आरएम -आरएफ' करून काढून टाकलं आणि पार्टनरच्या पेनड्राइव्हवरून त्याच नावाचं ताजं फोल्डर कॉपी केलं. मग दिवसभर त्यात कोड लिहिला. टर्मिनलमध्ये मी बाहेरच्या फोल्डरमधूनच 'मेक' चालवत होते. वर, वर, वर, एंटर. हाताला इतकी सवय झालेली की स्क्रीनकडे बघायचंच बंद झालं होतं. शेवटी एकदा ॲरो जास्त दाबला गेला आणि सकाळची डिलीटची कमांड परत आली. ती मी मोठ्या कॉन्फिडन्सने चालवली. रूममेट म्हणाली, "अगं, एंटर मारायच्या आधी बघायचं तरी!" बरोबरच होतं तिचं. पण बघण्याची गरजच कमी करता येते, हे मला त्या रात्री रडून झाल्यावर कळलं. तेच इथे सांगते.

बटण दाबल्यावर काय होतं?

आपल्याला वाटतं की कीबोर्डवरचं अक्षर थेट बॅशकडे जातं. तसं नाही. मध्ये दोन पहारेकरी आहेत. पहिला म्हणजे कर्नेलमधला टर्मिनल ड्रायव्हर. कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅमला थांबण्याचा सिग्नल पाठवतो तो हाच. दुसरा म्हणजे रीडलाइन नावाची लायब्ररी. कर्सर मागेपुढे नेणं, टॅब दाबून नाव पूर्ण करणं, जुन्या कमांड परत आणणं ही सगळी कामं रीडलाइनची. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली बॅश आणलं, रीडलाइनही मुळात त्यांचीच. पुढे दोन्हींची जबाबदारी चेट रॅमी यांनी घेतली. गंमत म्हणजे ही लायब्ररी फक्त बॅशपुरती नाही, जीडीबी डीबगरसुद्धा तीच वापरतो. झेडशेल मात्र वापरत नाही, त्याची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. त्यामुळे झेडशेलवाल्यांनी पुढच्या फाइलच्या वाटेला जाऊ नये.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. टर्मिनलमध्ये नुसतं 'कॅट' टाइप करून एंटर मारा आणि मग वरचा ॲरो दाबा. जुनी कमांड येणार नाही. टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल ए असं काहीतरी विचित्र उमटेल. म्हणजे ॲरो हे एक अक्षर नाहीच! टर्मिनल त्यासाठी एस्केप, चौकोनी कंस आणि ए अशी तीन अक्षरं पाठवतं. ही पद्धत १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या काळापासून चालत आलेली आहे. 'कॅट'मध्ये रीडलाइन नाही, म्हणून ती तीन अक्षरं तशीच दिसतात. बॅशमध्ये रीडलाइन त्यांचा अर्थ लावते. आणि हा अर्थ आपल्याला बदलता येतो!

जादूची फाइल

होम फोल्डरमध्ये 'डॉट इनपुटआरसी' नावाची फाइल बनवा. अर्थात नाव आणि आतल्या ओळी रोमन लिपीत टाइप करायच्या, इथे मी फक्त उच्चार देतेय. एक सूचना आधीच देते. ही फाइल सापडली की रीडलाइन सिस्टीमची, म्हणजे ईटीसीमधली इनपुटआरसी वाचतच नाही. मग होम, एंड, डिलीट अशी चांगली चालणारी बटणं अचानक रुसू शकतात. म्हणून पहिल्या ओळीत डॉलरचं चिन्ह, त्याला चिकटून 'इन्क्लूड' आणि पुढे सिस्टीमच्या फाइलचा पाथ द्यायचा.

आता माझी रात्र वाचवू शकली असती ती ओळ. दुहेरी अवतरणात बॅकस्लॅश, छोटा ई, डावा चौकोनी कंस, कॅपिटल ए. मग कोलन, आणि पुढे 'हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड'. खालच्या ॲरोसाठी ए च्या जागी बी आणि 'हिस्टरी-सर्च-फॉरवर्ड'. याने काय होतं? 'मेक' एवढं टाइप करून वरचा ॲरो दाबला की फक्त 'मेक'ने सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतात. कितीही वेळा दाबा, 'आरएम' मध्ये तडमडणार नाही. काहीच टाइप केलं नसेल तर मात्र ॲरो पूर्वीसारखाच वागतो, तेव्हा आधी दोन अक्षरं लिहायची सवय हवीच.

तुमचं टर्मिनल ॲरोसाठी वेगळी अक्षरं पाठवत असेल तर? कंट्रोल-व्ही दाबून मग ॲरो दाबा, काय येतं ते दिसेल. सुरुवातीचं टोपी आणि कंस म्हणजे एस्केप, त्याच्या जागी बॅकस्लॅश-ई लिहायचं.

आणखी तीन ओळी फार उपयोगी आहेत:

'सेट कम्प्लिशन-इग्नोअर-केस ऑन': टॅब दाबताना कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जात नाही.

'सेट शो-ऑल-इफ-ॲम्बिग्युअस ऑन': एकाहून जास्त नावं जुळत असतील तर पहिल्याच टॅबला यादी दिसते.

'सेट बेल-स्टाइल नन': ते टूं-टूं बंद. रात्री दोन वाजता रूममेट दुवा देईल.

व्हीआयच्या भक्तांसाठी 'सेट एडिटिंग-मोड व्हीआय' आहेच. फाइल सेव्ह केली की नवीन टर्मिनल उघडा, किंवा कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर दाबा, फाइल परत वाचली जाते.

टर्मिनल हँग झालं?

कंट्रोल-आरने हिस्टरीत मागे शोधता येतं, आणि पुढे शोधायला कंट्रोल-एस आहे. पण ते दाबलं की बऱ्याचदा टर्मिनल ठप्प! घाबरून विंडो बंद करू नका. आपला पहिला पहारेकरी आठवा. कंट्रोल-एस म्हणजे 'आउटपुट थांबव' असं ड्रायव्हर समजतो आणि रीडलाइनपर्यंत ते पोचूच देत नाही. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. कायमचा उपाय हवा तर बॅशआरसीमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' लिहा. इनपुटआरसीमध्ये कितीही डोकं आपटलं तरी हे सुटणार नाही, कारण दुखणं एका थरात आणि औषध दुसऱ्या थरात.

शेवटी एक पथ्य. बॅशआरसीमध्ये 'हिस्टकंट्रोल'ची किंमत 'इग्नोअरस्पेस' ठेवली की स्पेसने सुरू केलेली कमांड हिस्टरीत जातच नाही. उबुंटूच्या नेहमीच्या बॅशआरसीमध्ये ही सोय असलेली 'इग्नोअरबोथ' सेटिंग असते. आता मी प्रत्येक 'आरएम'च्या आधी एक स्पेस देते. हिस्टरीत नाही, म्हणजे चुकून परत येण्याचा प्रश्नच नाही.

त्या रात्री पेनड्राइव्हवरच्या सकाळच्या कॉपीवरून पुन्हा सगळं लिहिलं आणि पहाटे पाचला संपवलं. सबमिशन झालं. व्हायवामध्ये विचारलं, "शेल लिहिताना सगळ्यात अवघड काय वाटलं?" मी म्हटलं, "सर, वरचा ॲरो." सरांना वाटलं मी रीडलाइनबद्दल बोलतेय. मीही तसंच वाटू दिलं.