एका सेकंदात नऊ हजार मारिओ

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती पिवळी कॅसेट पाहिलेली आहे. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं. कॅसेट खाचेत दाबून बसवली, बटण सरकवलं की टीव्हीवर यादी यायची. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, बॉम्बरमॅन. चार-दोन पानं पुढं गेलं की पुन्हा मारिओच, फक्त नाव वेगळं आणि सुरुवात तिसऱ्या-चौथ्या लेव्हलपासून. खरोखर निराळे गेम मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरायची.

त्या ९९९९ चा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा मूळ गेम निन्टेन्डोने जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला विकायला काढला. त्याचा आकार ४० केबी. त्यातले ३२ केबी प्रोग्रामचे आणि ८ केबी चित्रांचे, मिळून ४०,९६० बाइट. असे ९,९९९ गेम खरंच भरायचे म्हटले तर जवळजवळ ४१ कोटी बाइट लागतात. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क त्यात गेली असती. तळहातावर मावणाऱ्या कॅसेटमध्ये ते शक्यच नव्हतं.

४०,९६० बाइट म्हणजे नेमके किती, हे आपल्या मापानं बघू. आजच्या फोनमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘कोल्हापूर’ या शब्दात अशी ९ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. ४०,९६० ला २७ ने भागलं की उत्तर येतं १,५१७. ‘कोल्हापूर’ हे नाव १,५१७ वेळा लिहायला जेवढी जागा लागते, तेवढ्या जागेत ३२ लेव्हल, सगळी कासवं, सगळे पाइप, पाण्याखालचे मासे, आठ किल्ले, शेवटची राजकन्या आणि संगीतकार कोजी कोंदोचं संगीत बसवलेलं आहे. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर त्याच्या नुसत्या अक्षरांनीच त्या गेमच्या निम्म्याहून बरीच जास्त जागा घेतली आहे. सकाळी सकाळी फोनवर येणारा अंबाबाईचा एक फोटो शंभर-दीडशे केबीचा असतो. म्हणजे तीन मारिओ.

हे बसवलं कसं, ते जवळून बघितलं की त्या माणसांपुढं हात जोडावेसे वाटतात.

सुरुवातीचा छोटा मारिओ घ्या. तो चार चौकटींचा बनलाय. एक चौकट आठ बाय आठ ठिपक्यांची आणि १६ बाइटची. म्हणजे उभा राहिलेला मारिओ ६४ बाइटचा. टोपी, मिशा, बूट सगळं धरून. ‘कोल्हापूर’ दोनदा लिहून दहा बाइट उरतील, एवढाच. समोरून डुलत येणारा तपकिरी मशरूम दोन पाय टाकत चालतो असं आपल्याला दिसतं, पण त्याचं चित्र एकच आहे. तेच आरशातल्यासारखं उलटं-सुलटं करत राहिलं की तो चालतो. वरचे पांढरे ढग आणि खालची हिरवी झुडपं यांचा आकार तंतोतंत सारखा आहे, फक्त रंग बदललाय. एकदा कळलं की ते दिसायचं थांबत नाही.

लेव्हलची चित्रं तर साठवलेलीच नाहीत. साठवली आहे ती फक्त सूचना: अमुक ठिकाणी पाइप, एवढ्या उंचीचा. एका वस्तूला दोन बाइट. विटांची रांग दोन बाइट, शेवटचा जिना दोन बाइट. या हिशेबानं पहिल्या लेव्हलचा सगळा नकाशा शंभरेक बाइटमध्ये संपतो. जगभर कोट्यवधी माणसांना जो रस्ता डोळे मिटून आठवतो, तो ‘कोल्हापूर’ हा शब्द चार वेळा लिहावा एवढ्या जागेत मावतो. गेमचे रचनाकार शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे नकाशे ग्राफ पेपरवर हातानं काढायचे आणि प्रोग्रामरच्या हातात द्यायचे. त्या चौकटीच्या कागदावरचं एक एक घर मोजूनमापून भरलेलं आहे.

ती पिवळी कॅसेट उघडून बघितली तर आत जवळजवळ काहीच नसतं. मोठ्या कवचात दोन-तीन बोटं रुंदीची हिरवी पट्टी, तिच्या खालच्या कडेला पिवळसर धातूचे दात, आणि मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. त्या ठिपक्याखाली चिप. आपण फुंकर मारायचो ती त्या दातांवर.

आता नव्या मारिओकडं येऊ. २७ ऑक्टोबर २०१७ ला आलेल्या ‘सुपर मारिओ ओडिसी’चा आकार पावणेसहा जीबीच्या आसपास आहे. जुन्याच्या सुमारे १ लाख ४० हजार पट. जुना मारिओ म्हणजे एक पाऊल असं धरून भवानी मंडपातून चालायला लागलात, तर नवा मारिओ संपेपर्यंत कऱ्हाड मागं टाकून तुम्ही साताऱ्याच्या वाटेला लागलेले असाल. यंत्राची चालू कामाची मेमरी तर त्याहून वाढली. जुन्या यंत्रात ती २ केबी होती. मारिओ कुठं आहे, किती जीव उरले, कोणतं कासव मेलं, सगळं त्या २,०४८ बाइटमध्ये लक्षात ठेवायचं. निन्टेन्डो स्विचमध्ये ४ जीबी आहे. वीस लाख सत्त्याण्णव हजार एकशे बावन्न पट.

पण मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो चित्राचा हिशेब. जुन्या गेमचं टीव्हीवरचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, म्हणजे ६१,४४० ठिपके. २० ऑक्टोबर २०२३ ला आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ टीव्हीला जोडला की १,९२० बाय १,०८० ठिपके दाखवतो. २० लाख ७३ हजार ६००. एका ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राचे झाले ६२ लाख २० हजार ८०० बाइट. ते १५२ जुन्या मारिओंएवढं होतं. एक चित्र! आणि अशी चित्रं सेकंदाला ६० येतात. गुणाकार करा: दर सेकंदाला ९,११२ जुने मारिओ त्या पडद्यावर ओतले जातात. पिवळ्या कॅसेटवर छापलेलं जे ९९९९ कधीच खरं नव्हतं, तेवढा ऐवज नवा मारिओ सव्वा सेकंदाच्या आत दाखवून मोकळा होतो.

आवाजाचंही तसंच. सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. जुना गेम, त्याच्या सगळ्या गाण्यांसकट, अशा आवाजाच्या पाव सेकंदातही मावून जाईल. नवा मारिओ उडी मारताना हुंकारतो, तेवढ्यात.

एवढ्या बाइटांचं नव्या गेमनं केलं काय, हा प्रश्न जुन्या मंडळींना पडतो, आणि त्याचं उत्तर मला भाच्यानं दिलं. ‘वंडर’ची पहिलीच लेव्हल तो खेळत होता. एक चमकणारं फूल त्यानं घेतलं आणि जमिनीतले हिरवे पाइप अळीसारखे वाकत, ताठ होत पुढं सरकायला लागले. “मामा, पाइप बघ की कसा चाललाय!” चाळीस वर्षं जागेवर उभा असलेला, दोन बाइटचा पाइप. पुढच्या लेव्हलला तर कुंडीतली माणूसखाऊ झाडं रांगेनं गाणी म्हणत निघाली. या खेळातली मोठी जागा अशा प्रसंगांवर खर्च झाली आहे, जे येतात, एकदाच होतात आणि संपतात. जुन्या गेमला हे परवडणारं नव्हतं. तिथं एकदा काढलेली वस्तू पंचवीस वेळा वापरावी लागायची. उधळपट्टी म्हणून मी याला नाक मुरडणार नाही. ज्यांनी चाळीस केबीत काटकसर केली, त्याच तेझुकांनी निर्माते म्हणून ‘वंडर’वर काम केलं आहे, आणि ती उधळण त्यांनी मोठ्या मायेनं केली आहे.

जिथं आकडे नुसते फुगले, ती जागा वेगळी. १९८५ मध्ये ३२ लेव्हल. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये लेव्हलमधून बाहेर पडायच्या ९६ वाटा. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये १२० तारे, २०१० च्या ‘गॅलक्सी २’मध्ये २४२, आणि ‘ओडिसी’त ८८० निरनिराळे चंद्र, शिवाय नाण्यांनी विकत घेऊन ९९९ पर्यंत नेता येणारे. पण ३२ मधली एक लेव्हल पार करायला एक रविवार जायचा, आणि ८८० मधले कितीतरी चंद्र चमकणाऱ्या जमिनीवर एकदा आदळलं की मिळतात. ८८० ला ३२ ने भागून साडेसत्तावीस येतात म्हणून खेळ साडेसत्तावीस पट झाला, असं मी म्हणणार नाही.

जिवांचा आकडा मात्र उलटा गेला. जुन्या गेममध्ये तीन जीव. तिसऱ्या जगातल्या पहिल्या लेव्हलच्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारत राहिलं की जीव वाढत जातात, हे गल्लीतल्या कुणीतरी दाखवायचं. पण जिवांचा हिशेब एकाच बाइटमध्ये होता आणि त्याला १२७ च्या पुढचं कळत नव्हतं. त्याच्या पुढं जीव घेत गेलं की यंत्र तो आकडा शून्याखालचा समजायचं, आणि पुढच्या पहिल्याच मरणाला गेम ओव्हर. ‘ओडिसी’त जीवच नाहीत. मेलं की दहा नाणी जातात, बस. शिवाय जुन्यात खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. सातव्या जगात पोचावं आणि लाइट जावी, की पुन्हा पहिल्यापासून. भारनियमनाच्या गावात वाढलेल्या पोरांना हा गेम जपानी पोरांपेक्षा अवघड होता, आणि हे मी गंभीरपणे म्हणतोय.

खपाचे आकडे कोल्हापूरच्या मापानं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. मूळ मारिओच्या ४ कोटी २ लाख प्रती खपल्या. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला दहा-दहा देऊन उरतील एवढ्या. ‘वंडर’ पहिल्या दोन आठवड्यांत ४३ लाख खपला, म्हणजे पंधरवड्यात अख्खा जिल्हा. आपल्याकडच्या नकली पिवळ्या कॅसेटी यात कुठंच धरलेल्या नाहीत.

लाखांच्या पटीत वाढलेल्या या सगळ्या आकड्यांमध्ये एक आकडा जागचा हललेला नाही: ६०. जपानमधल्या टीव्हीवर १९८५ चा मारिओ सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, २०२३ चाही ६०च दाखवतो. यंत्र कितीही मोठं झालं तरी अंगठ्यानं बटण दाबलं आणि मारिओ उडाला, यातलं अंतर तेच ठेवावं लागतं, कारण अंगठा तोच आहे. त्या एका चित्रावर, सेकंदाच्या साठाव्या भागावर, आज जगातले सर्वांत वेगवान खेळाडू झगडतात. पुढच्या जगात नेणाऱ्या छुप्या पाइपांतून उडी मारत ते ३२ पैकी फक्त ८ लेव्हल खेळतात, आणि २०२१ मध्ये हा वेळ ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या खाली गेला. त्यात आणखी एक गंमत आहे. लेव्हल संपल्यावर पुढं जायचं की नाही, हे जुना गेम दर २१ चित्रांनी एकदाच तपासतो. म्हणून वीस चित्रं वाचवून काहीच मिळत नाही आणि एकविसाव्याला एकदम ०.३५ सेकंद मिळतो. एकेका तपासणीसाठी माणसांनी वर्षं घातली आहेत.

कोल्हापुरात मात्र तो आकडा ६० नव्हता. आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे, आणि अशा टीव्हीसाठी बनवलेली आपल्याकडची टीव्ही गेमची नकली यंत्रंही ५० नंच चालायची. गेममधली प्रत्येक गोष्ट चित्रं मोजून हलते. त्यामुळं मारिओची धाव, कासवाची चाल, संगीताचा ठेका, सगळं सहा भागांतल्या पाच भागांवर आलं. पहिल्या लेव्हलला वर कोपऱ्यात ४०० दिसतात ते सेकंद नाहीतच; त्यातला एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. ९,६०० चित्रं. जपानी मुलाला ती १६० सेकंद पुरायची, इथल्या मुलाला १९२. बत्तीस सेकंद जास्त, आणि खड्डाही तेवढाच सावकाश यायचा.

म्हणून आज चाळिशीतला कुणी स्विचवर मूळ मारिओ लावतो आणि पहिल्याच मशरूमला धडकतो, तेव्हा त्याचा हात बसलेला नसतो असं नाही. मारिओ खरंच वीस टक्के जोरात पळतोय, आणि गाणंही खरंच घाईत वाजतंय. ज्यांना तो जुना वेग परत हवाय त्यांनी कॉम्प्युटरवर मेसेन नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, उघडावा आणि देशाच्या पर्यायात ‘डेंडी’ निवडावं. तो पर्याय अशाच ५० चित्रांच्या नकली यंत्रांसाठी ठेवलेला आहे. गाणं सुरू झालं की पहिल्या चार सुरांतच कळतं, बरोबर निवडलंय की नाही.