मासा फ्लॅशचा, पाणी शटरचं!

लालभडक मासा समुद्रात खोल गेला, की काळपट दिसू लागतो. त्याचा रंग काही धुऊन जात नाही! सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी वरच्या वरच शोषून घेतं. खाली उरतो तो निळसर उजेड, आणि तोही कमी. मग तिथे फोटो काढायचा कसा?

फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ साली हा प्रयत्न केला. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे उजेड आत सोडणारं दार. बुताँ यांना ते कधी कधी अर्धा तास उघडं ठेवावं लागे. इतका वेळ कोणता मासा ‘स्टॅच्यू’ होऊन थांबणार?

१९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी शक्कल लढवली. तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड ठेवली. फोटोच्या क्षणी ती पेटे आणि खाली लख्ख उजेड पडे. एकदा पूड अवेळीच भडकली आणि लाँगली चांगलेच भाजले. तरी काम थांबलं नाही. १९२७ साली त्यांनी पाण्याखाली काढलेले माशांचे रंगीत फोटो छापून आले!

पुढे विजेवरचा फ्लॅश आला. त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. तेवढ्यात पळणारा मासासुद्धा फोटोत स्थिर दिसतो. फ्लॅशचा पांढरा उजेड जवळून पडतो, म्हणून माशाचा लाल रंगही परत येतो.

पण हा उजेड जेमतेम मीटर-दोन मीटर पोचतो. मागचं पाणी उजळतं ते सूर्यामुळे, आणि तो उजेड किती घ्यायचा हे ठरवतं शटर. शटर १/६० सेकंद उघडं ठेवलं तर पाणी फिकट निळं येईल, १/२०० सेकंद ठेवलं तर गडद. मासा मात्र दोन्ही फोटोंत जवळजवळ सारखाच उजळ!

मग १/१००० का नको? अनेक मोठ्या कॅमेऱ्यांत शटरला दोन पडदे असतात. वेग फार वाढवला, तर पहिला पडदा पुरता उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला निघतो. त्याच वेळी फ्लॅश चमकला तर फोटोचा काही भाग काळा येतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांत फ्लॅश वापरताना साधारण १/२०० ते १/२५० हीच मर्यादा.

आता एक प्रयोग. काचेच्या ग्लासभर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका. ग्लासामागे लाल बटण ठेवा. खोलीत अंधार करून डोळ्याजवळ टॉर्च धरा आणि ग्लासातून बटणाकडे बघा. सगळं पांढुरकं! आता टॉर्च बाजूला नेऊन उजेड थेट बटणावर पाडा. बटण लालचुटूक दिसेल.

समुद्रातले बारीक कणही त्या दुधासारखेच चमकतात. म्हणून पाणबुडे फोटोग्राफर फ्लॅश लांब दांडीवर, बाजूला लावतात.

बघा, उजेड तेवढाच होता. फक्त जागा बदलली!