प्लास्टर आणि त्याची घरातील निगा

हाड मोडले म्हणजे डॉक्टर क्ष-किरण चित्र घेऊन सरकलेली टोके जागेवर बसवितात व त्यावर प्लास्टर घालतात. प्लास्टरमुळे हाड जुळते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हाड जुळविण्याचे कार्य शरीर स्वतःच करीत असते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, नंतर तेथे मऊ जोड तयार होतो आणि त्यात कॅल्शियमचे क्षार साचून तो कठीण बनतो. ह्या काळात टोके हलू न देणे, एवढेच प्लास्टरचे काम होय. ते घालण्यास फार वेळ लागत नाही. परंतु सांभाळावे लागते ते घरी, आणि तेही कित्येक आठवडे.

प्लास्टर कशाचे असते?

जिप्सम नावाचे खनिज भारतात मुख्यतः राजस्थानात सापडते. ते भाजले असता त्यातील पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो व पांढरी पूड उरते. पॅरिस शहरातील मोंमार्त्र टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या. त्यावरून ह्या पुडीस ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हे नाव पडले. पूड भिजली की ती गमावलेले पाणी पुन्हा घेते आणि तिचे स्फटिक एकमेकांत गुंतून घट्ट होतात. ह्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून नवे प्लास्टर अंगास गरम लागते. ही पूड चोळलेल्या कापडी पट्ट्या वापरण्याची पद्धत माथायसन ह्या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५२ साली प्रसिद्ध केली.

पहिले तीन दिवस

प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, पण पूर्ण वाळण्यास दोन ते तीन दिवस लागतात. तोवर ते दाबाने चेपते, आणि चेपलेला भाग आतील कातडीस टोचून जखम करतो. म्हणून ओले प्लास्टर बोटांनी न धरता तळहातांवर उचलावे व त्याच्या पूर्ण लांबीखाली उशी ठेवावी. ते चुलीजवळ किंवा शेगडीवर शेकून वाळवू नये, पांघरुणाखाली झाकू नये. मोकळ्या हवेत वाळू द्यावे. फायबरग्लासचे प्लास्टर हलके असते व लवकर वाळते. तथापि त्याखालील कापूस भिजतोच.

दुखावलेला भाग सुजतो. सूज उतरावी म्हणून पहिले काही दिवस तो हृदयाच्या पातळीहून किंचित वर ठेवावा. पाय मोडला असल्यास निजून पायाखाली उशा घ्याव्यात. हात मोडला असल्यास तो झोळीत बांधावा. बोटे मात्र दिवसातून अनेक वेळा हलवावीत. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून पायावर भार देऊ नये.

धोक्याची लक्षणे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, प्लास्टर ताणत नाही आणि सूज थांबत नाही. आतील दाब वाढला की स्नायूंचा व मज्जातंतूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. फोल्कमान ह्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली वर्णिलेला आखडलेला हात हा अशाच तुटलेल्या रक्तपुरवठ्याचा परिणाम होय. घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनीही हाच अनर्थ ओढवतो.

म्हणून घरातील कोणीतरी बोटांकडे वारंवार लक्ष द्यावे. नख दाबून सोडले की पांढरा झालेला भाग सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. औषध घेऊनही वेदना वाढत जाणे. दुसऱ्याने बोटे सरळ करताच कळ येणे. बोटे निळसर, फिकट वा थंड पडणे. मुंग्या येणे किंवा बधिरता येणे. बोटे हलेनाशी होणे – ह्यांपैकी एक लक्षण दिसले तरी सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. नख गुलाबी दिसते म्हणून वाढत्या वेदनेकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी हातपाय फार उंच न ठेवता हृदयाच्या पातळीत ठेवावा. दुर्गंधी, स्राव अथवा ताप आल्यासही त्वरित डॉक्टरांकडे जावे.

पाणी आणि खाज

पाण्याने प्लास्टर मऊ पडते व आतील ओला कापूस कातडी कुजवतो. स्नानाच्या वेळी प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि तो भाग पाण्यापासून दूर ठेवावा. पावसाळ्यात विशेष जपावे. खाज सुटली तरी विणकामाची सुई, फूटपट्टी वा पेन्सिल आत घालू नये. तिने झालेली जखम दिसत नाही आणि चिघळते. तेल अथवा पावडरही आत सोडू नये.

प्लास्टर निघाल्यावर

लहान मुलाच्या मनगटाजवळचे हाड चार ते सहा आठवड्यांत जुळू शकते. प्रौढाच्या नडगीस तीन-चार महिनेही लागतात. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नव्हे. म्हणून प्लास्टर घरी कापू नये. रुग्णालयातील करवतीचे पाते गोल फिरत नाही, केवळ कंप पावते. त्यामुळे मुलांनी तिच्या आवाजास भिण्याचे कारण नाही. निघाल्यावर हातपाय बारीक दिसतो, कातडी कोरडी असते, सांधे आखडलेले असतात. सांगितलेला व्यायाम नेटाने केल्यास शक्ती हळूहळू परत येते. जोराने चोळून ती येत नाही.