थैली आणि खुर्ची

ओहायोतले विल्बरफोर्स विद्यापीठ १८६२मध्ये बंद पडले. तिथल्या विद्यार्थ्यांत दक्षिणेतल्या गोऱ्या मळेवाल्यांना गुलाम स्त्रियांपासून झालेली मुले बरीच होती. फी बाप भरत. यादवी युद्धाने ती वाट बंद केली. पुढच्या वर्षी संस्था विक्रीला निघाली, किंमत १०,००० डॉलर. आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप डॅनिएल पेन यांच्या हाती पैसा नव्हता, तरी चर्चच्या वतीने त्यांनी शब्द देऊन टाकला. कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या मालकीचे केलेले, कृष्णवर्णीय अध्यक्षाचे हे महाविद्यालय. १४ एप्रिल १८६५ला, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, त्याची मुख्य इमारत कुणीतरी पेटवून दिली. पेन पुन्हा वर्गणीसाठी दारोदार निघाले.

गुलाममुक्तीनंतर कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या बहुतेक महाविद्यालयांच्या नशिबी ही गरिबी होती, ही मालकी मात्र नव्हती. त्यांना पैसा उत्तरेतल्या मिशनरी संस्थांनी दिला, जागा आणि इमारती बऱ्याचदा केंद्र सरकारच्या फ्रीडमेन्स ब्यूरोने मिळवून दिल्या. हा ब्यूरो १८७२मध्ये गुंडाळला गेला. मिशनऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. दक्षिणेतल्या गोऱ्यांचा रोष पत्करून ते शिकवायला गेले होते. पण ज्याची थैली त्याची खुर्ची, हा हिशेब त्यांनीही मोडला नाही.

नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात तर थैली विद्यार्थ्यांनीच भरली. १८६६मध्ये सैन्याच्या जुन्या बराकींत हे विद्यालय सुरू झाले आणि पाच वर्षांत कर्जात बुडाले. खजिनदार जॉर्ज व्हाइट संगीतही शिकवत. ऑक्टोबर १८७१मध्ये नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ते गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले, पियानोवर एला शेपर्ड. गोऱ्या श्रोत्यांना कृष्णवर्णीय गायक म्हणजे तोंडाला काळे फासून केलेल्या नकलाच ठाऊक. सुरुवातीचे कार्यक्रम पडले. सिनसिनाटीत जेमतेम काही डॉलर जमले, तेही या कफल्लक मंडळींनी शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकले. मग त्यांनी आईबापांची, मळ्यांतली भक्तिगीते लोकांपुढे गायला घेतली. ही गाणी आजवर आपसांतच गायली जात, परक्यांपुढे म्हणायला मुलांना संकोच वाटे. त्याच गाण्यांनी सभागृहे भरली. पहिल्या दौऱ्यातून २०,००० डॉलर आले. १८७३मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केले. (त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ निघाले, अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेले.) या कमाईतून उभा राहिलेला जुबिली हॉल १८७६मध्ये खुला झाला. त्याच सुमारास फिस्कचे पहिले अध्यक्ष इरॅस्टस क्रॅव्हथ कारभार पाहू लागले. ते गोरे होते.

टस्कीगी आपल्याला वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे घरची वाटते. तिथली गोष्ट उलटी. निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मते हवी असलेल्या एका उमेदवाराशी, गुलामगिरीतून सुटलेल्या लुईस अ‍ॅडम्स या कारागिराने सौदा केला. त्यातून अलाबामा विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. प्रमुख गोराच हवा, असे संस्थेच्या लोकांनी गृहीत धरले होते. हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्याच शिक्षणसंस्थेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी मात्र बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव सुचवले. १८८१मध्ये ते आले. विटा भाजायच्या तीन भट्ट्या फसल्यावर चौथीसाठी त्यांनी घड्याळ गहाण ठेवून १५ डॉलर उभे केले. १९०३मध्ये अँड्र्यू कार्नेगींनी याच संस्थेला ६,००,००० डॉलर दिले.

या दोन रकमांच्या मध्ये वॉशिंग्टन यांचे १८९५चे अटलांटातले भाषण आहे. आधी हातचे काम, राजकीय हक्क मागाहून, असा त्याचा सूर होता. स्लेटर फंड आणि रॉकफेलरांचे जनरल एज्युकेशन बोर्ड या देणगीदार संस्थांना तो मानवला. खुर्ची वॉशिंग्टन यांचीच होती, पण तिची किंमत त्यांना बोलण्यातून आणि गप्प बसण्यातून चुकवावी लागली. चोरून मात्र ते वंशभेदाविरुद्धच्या खटल्यांना पैसा पुरवत. त्यांना नुसते लाचार ठरवणाऱ्यांनी हेही मोजावे.

फिस्कमध्ये १९२०च्या दशकात हाच हिशेब उघडा पडला. अध्यक्ष फायेट मॅकेंझी १० लाख डॉलरचा निधी जमवत होते. त्याच काळात विद्यार्थ्यांचे मंडळ गेले, वृत्तपत्र बंद झाले, कपड्यांचेही नियम आले. देणगीदार आणि शहरातली गोरी मंडळी खूश राहावीत, हा उद्देश लपत नव्हता. १९२४मध्ये माजी विद्यार्थी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी फिस्कमध्ये येऊन भर सभेत अध्यक्षांवर टीका केली. फेब्रुवारी १९२५मध्ये विद्यार्थ्यांच्या निदर्शनांवर मॅकेंझींनी पोलीस बोलावले. मग संप पेटला आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. विद्यार्थी जिंकले, पण पुढचे अध्यक्ष टॉमस जोन्स हेही गोरेच होते.

हॉवर्ड विद्यापीठात १९२६मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. संस्था निघून तोवर ५९ वर्षे लोटली होती. १९४४मध्ये टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने २७ महाविद्यालयांनी युनायटेड निग्रो कॉलेज फंड काढला. एकेका धनिकाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून देशभर मागावे, लहान देणग्याही घ्याव्यात, अशी कल्पना. त्यात फिस्क होते, हॅम्प्टनही होते. दोन्हीकडचे अध्यक्ष तेव्हा गोरे होते. फिस्कने १९४६मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन यांची अध्यक्ष म्हणून निवड केली, हॅम्प्टनला त्यासाठी १९४९ उजाडावे लागले.