अडकलेलं बिटकॉइन

बिटकॉइन पाठवून तास उलटला, तरी वॉलेटमध्ये 'अनकन्फर्म्ड'च दिसतं. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. सरासरी 10 मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, त्यात जागा मोजकी. त्यामुळे जास्त शुल्क देणाऱ्याचा नंबर आधी लागतो. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये अडकलेल्या व्यवहाराचं शुल्क नंतरही वाढवता येतं.

शिल्लक शून्य दिसली तरी घाबरू नये. नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते, वॉलेटकडे फक्त किल्ल्या. बिटकॉइन कोअर हे वॉलेट तर शेकडो जीबींची अख्खी साखळी तपासून होईपर्यंत अपुरीच शिल्लक दाखवतं.

खरी भीती 'अपडेट करा' म्हणणाऱ्या खिडकीची. डिसेंबर 2018मध्ये लबाड सर्व्हरनी इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना असाच संदेश दाखवून बनावट आवृत्ती गळ्यात मारली. अनेकांची नाणी गेली. सीड फ्रेजचे, म्हणजे किल्ल्या परत मिळवून देणाऱ्या वाक्याचे, 12 किंवा 24 शब्द मागणारा 'मदतनीस' सरळ चोर समजावा.