साबण रंग काढतो, तसा बसवतोही

साबणाने डाग निघतो हे आपण रोज पाहतो. त्यामुळे सांडपाण्यातला रंग, मुद्दाम साबणाच्याच जातीचे द्रव्य म्हणजे सर्फॅक्टंट वापरून, सच्छिद्र भुकटीवर बसवता येतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटेच वाटते. शाम्पू-टूथपेस्टमध्ये फेसासाठी असणारे सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस, आणि ॲल्युमिना हे ॲल्युमिनियमचे सच्छिद्र ऑक्साइड, या जोडीवर भरपूर प्रयोग झाले आहेत. तरीही काही समज घट्ट बसले आहेत आणि सांडपाण्याच्या कामात ते महागात पडतात.

गैरसमज: भुकटी सच्छिद्र असली की रंग आपोआप ओढला जातो.

इथे काम स्पंजासारखे चालत नाही. रंगाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटावे लागतात आणि ते चिकटतील की नाही, हे बरेचसे विद्युतभारावर ठरते. सामू साधारण ८ ते ९ च्या खाली असेल तर ॲल्युमिनाचा पृष्ठभाग धनभारित असतो. मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट हे रंगही धनभारितच. किंचित आम्लधर्मी केलेल्या मिथिलीन ब्लूच्या द्रावणात कोरे ॲल्युमिना टाकून ढवळा: भुकटी तळाशी जवळपास पांढरीच बसते, वरचे पाणी निळेच राहते. एसडीएसचा थर दिलेली भुकटी टाकली, की तीच निळी होते आणि पाणी निवळत जाते.

एसडीएसचे डोके ऋणभारित, ते ॲल्युमिनाला धरते. बारा कार्बनची शेपटी मात्र पाणी टाळू पाहते. रेणू थोडे असतील तर ते सुटेसुटे बसतात. दाटी झाली की शेपट्या एकमेकींना बिलगतात आणि पृष्ठभागावर जागोजागी पुंजके तयार होतात. आणखी रेणू आले की दुसरा थर उलटा बसतो, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. आता भुकटीची बाहेरची बाजू ऋणभारित झाली आणि रंगाला जागा मिळाली. हे ज्ञान रंगाच्या पाण्यातून नव्हे, खनिजे वेगळी करण्याच्या अभ्यासातून आले. केरळचे पी. सोमसुंदरन आणि बर्कलीतले त्यांचे मार्गदर्शक डी. डब्ल्यू. फर्स्टेनॉ यांनी १९६६ मध्ये ॲल्युमिनावर याच कुळातल्या सल्फोनेटची मोजमापे प्रसिद्ध करून हे टप्पे उलगडले. आज पाणी शुद्ध करू पाहणाऱ्यांचा पाया तोच आहे.

गैरसमज: सर्फॅक्टंट जितका जास्त, तितका रंग जास्त बसतो.

सर्वांत खर्चिक चूक ही. शुद्ध पाण्यात एसडीएस लिटरला सुमारे २.३ ग्रॅमच्या पुढे गेले, की जादा रेणू पाण्यातच गोळा होतात. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. रंग त्यांच्यातही मुरतो आणि भुकटीकडे न जाता पाण्यातच राहतो. आधी बसलेलाही काही परत सुटतो. तेलकट डाग धुऊन निघतो तो याच वाटेने. शिवाय हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास मीठ असले, तर तो जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो, आणि सुती रंगाईच्या पाण्यात मीठ भरपूर असते. प्रयोगशाळेतला डोस तसाच उचलून कारखान्यात नेणे म्हणूनच धोक्याचे.

गैरसमज: एकदा जमलेली कृती सगळ्या रंगांना चालते.

इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसमध्ये सुती कापडाला लागणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. एसडीएस लावलेले ॲल्युमिना त्यांना दूरच लोटेल. तिथे सिलिकावर सीटॅब नावाच्या धनभारित सर्फॅक्टंटचा थर हवा. इचलकरंजीजवळून वाहणाऱ्या पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा तपशील बारीकसारीक नाही.

गैरसमज: छिद्रे जितकी बारीक तितकी चांगली.

कागदावर खरे, कारण बारीक छिद्रांमुळे एका ग्रॅममागे पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. पण एसडीएसचा दुहेरी थरच तीन ते चार नॅनोमीटर जाडीचा. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर तो बसला, की सात-आठ नॅनोमीटरचे छिद्र तिथेच बुजते आणि रंगाला आत वाट उरत नाही. ग्रॅममागचे चौरस मीटर पाहून भुकटी विकत घेणाऱ्याने छिद्रांची रुंदी आधी विचारावी.

गैरसमज: जास्त रंग बसला म्हणजे काम फत्ते.

सांडपाण्याबाहेरचे एक उदाहरण पाहा. मिखाएल ग्रेत्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या रंगाधारित सौरघटात सच्छिद्र टायटॅनियम डायऑक्साइडवर रंग बसवतात. तिथे पुष्कळदा पित्तात सापडणारे एक साबणी गुणाचे आम्ल रंगासोबत मुद्दाम घालतात. ते काही जागा अडवते, रंग कमी बसतो. पण रंगाचे रेणू एकमेकांवर चढत नाहीत आणि अनेकदा वीज जास्त मिळते.

गैरसमज: पाणी नितळ दिसले म्हणजे स्वच्छ झाले.

रिॲक्टिव्ह रंगाईला सोडा लागतो, त्यामुळे तिचे पाणी अल्कधर्मी असते. असे पाणी एसडीएस लावलेल्या ॲल्युमिनापर्यंत पोहोचले, तर ॲल्युमिनाचा भार उलटतो, एसडीएस सुटते आणि धरलेला रंगही सोबत नेते. रंग न सुटता नुसते एसडीएस पाण्यात आले, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अशा ऋणभारित डिटर्जंटची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ते मोजतात मिथिलीन ब्लूनेच: रंग डिटर्जंटशी जोडी जमवून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो आणि त्या निळेपणावरून प्रमाण कळते. रंग काढल्यावर ही तपासणीही व्हायला हवी, आणि रंग धरून बसलेल्या भुकटीला धोकादायक गाळ समजूनच तिची विल्हेवाट लावायला हवी.